गेट नाही, आधी वळण मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

गावाकडे शेतात, गोडाऊनला मोठे ट्रक येणार म्हटलं की लोक आधी गेट किती रुंद ठेवायचं तेच विचारतात, पण खरा घोळ गेटमध्ये नसतो, वळणात असतो. ट्रेलर वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात, म्हणून १६ मीटरच्या आसपासचा ट्रेलर असेल तर बाहेरच्या बाजूने साधारण १२ ते १४ मीटर रेडियस तरी मोकळा लागतोच, नाहीतर आतला खांब गेला किंवा चाक नालीत गेलं समजा. त्यामुळे एन्ट्रीचं तोंड नरसाळ्यासारखं रस्त्याकडे पसरट ठेवा, आणि नालीवरचा पाईपही त्या पसरट भागाच्या लांबीचा टाका, फक्त गेटएवढा नको!

गेट रस्त्याला चिकटून तर अजिबात नको. अख्खी गाडी रस्ता सोडून आत उभी राहील इतकं मागे घ्या, कारण कुणी कुलूप उघडेपर्यंत ट्रेलरचं शेपूट रस्त्यावर राहिलं आणि रात्री मागून बाईकवाला आला तर काय होईल? जीवच जातो हो.

चढ एकदम देऊ नका, लो-बेड म्हणजे खाली बसक्या ट्रेलरचं पोट टेकतं. वरच्या वायरी बघा. आणि रस्त्याच्या वळणाजवळ किंवा चढाच्या माथ्याजवळ एन्ट्री नको, लोडेड गाडी रस्त्यावर यायला वेळ घेते, समोरच्याला ती लांबून दिसायला हवी. रस्ता खात्याने परवानगी देताना निदान ट्रेलरचं वळण जागेवर आखून बघावं, एवढी कळकळीची विनंती.

आपला एक वाचक