गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

कोल्हापूर,
४ मे

प्रिय बाळ्या,

गाडीतून गळणाऱ्या ऑइलचे फोटो पोचले. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि शेवटी आपलंच खरं करतोस. म्हणून लिहून देतोय. इकडे सगळं ठीक, गुडघा आहे तसाच.

तर गॅरेजवाला म्हणतो रिअर सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं ऑइल अडवणारं सील, गेलं, गिअरबॉक्स उतरवायचा, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकायची. तुझे मेहुणे म्हणतात भंगारात द्या. दोघांनाही आधी थांबव. अण्णांची मारुती एस्टीम आहे ती. मेहुण्यांना सांग, पहिला हप्ता फिटायच्या आत नव्या गाडीलाही ओरखडा पडतो.

फोटोत थेंब बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन नि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचवरच्या कवचाच्या, बुडाशी लोंबतोय, हे कबूल. पण थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑइल उताराने खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकलं जातं. त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा कुठली, एवढंच शोधायचं. तुझी गाडी ९७ सालची, कार्ब्युरेटरवाली. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग, इंजिनच्या हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, कॅमशाफ्टच्या रेषेत बसतो, आणि त्याच्या गळ्यात एक रबरी ओ-रिंग असते. हेडची उष्णता खाऊन खाऊन ती कडक होते, चपटी होते. तिथून झिरपलेलं ऑइल सरळ बेल हाऊसिंगवर उतरतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब रिअर सील वाटतं. माझा संशय पहिल्यापासून तिथेच आहे.

आता शोधायचं कसं. इंजिन पूर्ण गार असताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांध. डिग्रीझर मारून जुन्या ब्रशने घास, बेताच्या पाण्याने धू, पूर्ण वाळू दे. पेट्रोलने धुवायचं नाही. (हो, तुलाच सांगतोय.) वाळल्यावर हेड, टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) कड आणि डिस्ट्रिब्युटरचं बूड यांवर टाल्कम पावडर भुरभुर. पट्ट्याच्या बाजूला नको. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आण आणि टॉर्च नि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत ये. पावडर जिथे पहिल्यांदा काळी पडली, ती जागा. रात्री खाली पुठ्ठा टाकून त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा कर, म्हणजे थेंब कुठल्या बाजूचा ते कळेल. खाली वाकायचं असेल तर स्टँड लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नकोस.

थेंब बोटावर घेऊन वासही घे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. तो आला तर क्रँकचं सील निर्दोष, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलेलं असतं. गॅरेजवाल्याने वास घेतला होता का, विचार.

आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनच्या पोटातला वायू बाहेर जाऊ देणारा. हा कुणी बघतच नाही. काढून कानाशी हलव, खुळखुळ वाजला पाहिजे. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. मग तू सीलं बदलत राहा, ती गळतच राहणार. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघड. हलकी ओढ लागली तर ठीक. धूर फुस्स करून तोंडावर आला तर एक तर व्हॉल्व्ह बंद आहे नाहीतर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. रिंगांचं निघालं तर मग मेहुण्यांशी बोलू.

दाबावरून आठवलं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर बोटभर ऑइल भरायची तुझी सवय गेली का? आंबा घाटात यावरून आपण किती भांडलो, आणि तुझं ठरलेलं उत्तर, 'जास्त असलेलं काय वाईट?' अरे, क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगना नीट वंगण मिळत नाही. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघायचं, दोन खुणांच्या मध्ये. बस.

ओ-रिंग बदलताना डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि हेड यांवर मिळून खिळ्याने एक रेघ मार. झाकण उघडून रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढ. वायरी प्लगकडून ओढू नकोस, झाकण वायरींसकट बाजूला ठेव. झाकणाच्या आतही ऑइल दिसलं तर शाफ्टचं आतलं सील गेलंय, मग नुसत्या ओ-रिंगने भागायचं नाही. दिसलं नाही तर बोल्ट सोड, डिस्ट्रिब्युटर सरळ बाहेर ओढ, जुनी रिंग लाकडी काडीने काढ, खोबण पूस, नव्या रिंगला इंजिन ऑइल चोळ आणि रेघ जुळवून बसव. रेघ हलली तर ठिणगीचं टायमिंग हललं, मग टायमिंग लाइट लावून ते पुन्हा सेट करावं लागेल.

टॅपेट कव्हरचं पॅकिंगही त्याच दिवशी बदल. जुनं पॅकिंग खरवडताना कचरा आत पडू देऊ नकोस. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळायचे, मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही. जास्त आवळलं की पॅकिंग बाहेर सरकतं आणि गळती वाढते. त्या बोल्टांखालचे रबरी वॉशरही नवे घे. आणि कुणी सिलिकॉनची नळी घेऊन आला तर हात धर. आतल्या बाजूला फुगलेलं सिलिकॉन तुटून चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) पडतं, ऑइलच्या जाळीत अडकतं, आणि मग ऑइलचा लाल दिवा लागतो. 'लीक स्टॉप'ची बाटलीही नको. रबर थोडं फुगतं, तात्पुरतं थांबतं, मूळ दुखणं तसंच राहतं.

हे सगळं करून वरचं कोरडं राहिलं, आणि तरी बेल हाऊसिंगच्या सांध्यातून इंजिन ऑइल आलं, तरच रिअर सील. तेव्हा गिअरबॉक्स उतरवू दे, माझी ना नाही. मग क्लच प्लेटही बघून घे, ऑइल लागलेली प्लेट चढावर घसरते. पण तोपर्यंत पाऊस सुरू व्हायच्या आत घाट चढायचा हट्ट नको. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल ठिबकत असेल तर नुसत्या जळक्या वासावर भागत नाही, पेटही घेतं.

वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? चिनूचा निकाल कळव. पमाकाकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या

ता. क. ऑइल बदललंस तर फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघ. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर. फिल्टर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाक. आणि माझा दहा नंबरचा पाना तुझ्याकडेच आहे.