मोल्डिंग मशीन असुरक्षित स्थितीत चालू करून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय: उभ्या स्पिंडलच्या मोल्डिंग मशीनला गार्ड, योग्य स्टार्टर व मराठीतून माहिती न देता ते चालू करून दिल्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून घेतलेले तीन एचपीचे मोल्डिंग मशीन, म्हणजे उभ्या फिरत्या दांड्यावर (स्पिंडलवर) पाती लावून लाकडाच्या कडेला खाच व आकार काढणारे मशीन, आमच्या भोकरच्या (जि. नांदेड) कारखान्यात सध्या बंद ठेवले आहे. मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावले आहे. मशीन बिघडलेले नाही. त्याचे टेबल सपाट आहे, स्पिंडल सरळ फिरतो, बेअरिंगचा आवाज नाही. बांधणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ज्या अवस्थेत तुमच्या माणसाने ते आमच्या हवाली केले, त्या अवस्थेत त्याच्यापुढे मी कोणत्याही कारागिराला उभे करणार नाही, म्हणून ते बंद आहे.

आमच्याकडे दाराच्या चौकटी, खिडक्या आणि देवघरे होतात. लाकूड बहुतेक किनवटकडचे सागवान, शिवाय जुन्या वाड्यांचे उतरवलेले सर आणि तुळयाही लोक घेऊन येतात. चौकटीची खाच, गोला, बीडिंग पट्टी हे सगळे हातरंध्याने करायला फार वेळ जातो, म्हणून हे मशीन घेतले. बिलात बसवून देणे आणि प्रशिक्षण धरलेले आहे. प्रत्यक्षात तुमच्या मेकॅनिकने मशीन फरशीवर ठेवले, पट्टा चढवला, वायर जोडली, एक सरळ पट्टी काढून दाखवली आणि इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही घेतली. कागदावर लिहिले आहे की मशीन तपासून दिले आणि कारागिरांना शिकवले. शिकवले ते एवढेच, की हे बटण फिरवले की चालू होते.

आता एकेक गोष्ट सांगतो. पहिली वेगाची. पुलीला चार टप्पे आहेत आणि मशीनच्या पट्टीवर त्यांचे वेग दिले आहेत: मिनिटाला ३०००, ४५००, ६००० आणि ९००० फेरे. तुमच्या मेकॅनिकने पट्टा ९००० च्या टप्प्यावर ठेवला. मशीनबरोबर तुम्हीच दिलेला ब्लॉक, म्हणजे स्पिंडलवर फिरणारा, पाती बसवायचा गोल ठोकळा, १४० मिलीमीटर व्यासाचा आहे, आणि त्याच ब्लॉकवर जास्तीत जास्त वेग ७००० कोरलेला आहे. म्हणजे तुमचाच ब्लॉक तुमच्याच मशीनवर त्याच्या मर्यादेबाहेर फिरत होता. १४० मिलीमीटरचा ब्लॉक ९००० ला फिरला की पात्याची धार सेकंदाला ६६ मीटर, म्हणजे ताशी २३५ किलोमीटरच्या वर जाते. ६००० ला तीच ४४ मीटरवर राहते. पाते बाहेर भिरकावणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ६००० च्या तुलनेत ९००० ला तो सव्वादोन पट होतो. पाते धरून ठेवणारे ते छोटे स्क्रू हा सव्वादोन पट जोर सोसत होते. आमच्या हेडमिस्त्रीने ब्लॉक पुसताना कोरलेला आकडा वाचला आणि पट्टा खाली घेतला. त्याने वाचला नसता तर तो आकडा आम्हाला कोण सांगणार होते?

वेग ब्लॉकच्या व्यासावर ठरतो. ब्लॉक मोठा तर फेरे कमी, हे या मशीनचे पहिले पान आहे. त्याचा तक्ता मशीनच्या दारावर, पट्टा बदलताना डोळ्यांसमोर येईल असा चिकटवलेला पाहिजे. आमच्या मशीनवर कंपनीचे नाव ठळक आहे, तक्ता नाही.

दुसरी गोष्ट स्विचची, आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे. या मशीनला साधा फिरवायचा स्विच दिला आहे. वीज गेली तरी तो चालूच राहतो. आमच्या भागात दुपारी वीज जाते आणि न सांगता येते. असेच एकदा पट्टी अर्धी आत असताना वीज गेली. कारागीर बाजूला झाला, कारण स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत पट्टी ओढायची नाही हे त्याला ठाऊक आहे. तो वाकून गाईडचा (लाकूड टेकवून सरकवायच्या आडोशाचा) बोल्ट पाहत होता तेवढ्यात वीज आली आणि मशीन आपोआप सुरू झाले. पात्यांनी पट्टी मागे भिरकावली. ती त्याच्या खांद्याजवळून गेली आणि पाठीमागच्या प्लायच्या थप्पीला लागून फुटली. मी चार पावलांवर उभा होतो.

शेतातल्या पाच एचपीच्या मोटारीलासुद्धा लाल-हिरव्या बटणांचा स्टार्टर असतो, त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की तो पडतो आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. विहिरीवरच्या मोटारीला जे मिळते ते पाती फिरवणाऱ्या मशीनला का मिळू नये? तुमच्या सेवा क्रमांकावर विचारले तर उत्तर आले की स्टार्टर ग्राहकाने आपल्या सोयीने लावायचा. मग स्विच तरी कशाला लावून दिला? नुसत्या वायरी सोडल्या असत्या तर आम्ही इलेक्ट्रिशियनला विचारून नीट स्टार्टर लावला असता. लावून दिलेला स्विच पाहून माणूस समजतो की कंपनीने विचार करून दिला असेल.

याच धाग्यातली तिसरी गोष्ट फेजची. हा स्पिंडल वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि लाकूड उजवीकडून डावीकडे, पात्याच्या समोरून द्यायचे असते. पाते लाकडाला आपल्याकडे लोटते आणि कारागीर ते जोर लावून पुढे नेतो, म्हणून लाकूड ताब्यात राहते. मध्यंतरी गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि नवीन बसवताना फेज अदलाबदल झाल्या, त्यामुळे मोटार उलटी फिरू लागली. सकाळी पहिले काम मोल्डिंगचे निघाले. वेगात फिरणाऱ्या ब्लॉककडे पाहून तो कोणत्या बाजूने फिरतो हे डोळ्याला कळत नाही. कारागिराने पट्टी लावली आणि पात्यांनी ती त्याच्या हातातून डावीकडे ओढून नेली. पट्टी मागून ढकलायला त्याने काठी धरली होती म्हणून फक्त काठी गेली, हात वाचला. शिवाय उलट फिरताना वरचा नट सैल होण्याची भीती असते ती वेगळीच. शेतातली मोटार उलटी फिरली तर पाणी कमी येते, इथे बोटे जातात. फेज उलटी झाली की मशीन सुरूच होऊ न देणारा रिले बाजारात मिळतो, आमच्याकडे पंपांवर लोक तो सर्रास लावतात. मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

गार्डबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे तुमच्या विक्री विभागाचे म्हणणे मला अजिबात पटलेले नाही. फोनवर मला सांगण्यात आले की गार्ड ही ॲक्सेसरी आहे, हवी असेल तर वेगळी ऑर्डर द्या. पात्यांवरचे झाकण ही हौसेने घ्यायची वस्तू आहे का? मशीनबरोबर आलेले गाईड दोन तुकड्यांचे आहे आणि मधली फट पूर्ण उघडी आहे. वरून झाकण नाही, लाकूड टेबलावर आणि गाईडवर दाबून धरणारे स्प्रिंगचे दाब नाहीत. आम्ही गाईडवर आडवी फळी लावून, तीतून पात्याच्या आकाराएवढेच भोक पाडून फट बंद केली आहे. वरच्या बाजूने लाकडी दाब बसवले आहेत, म्हणजे कारागिराचा हात आणि पाती यांच्यामध्ये कायम काहीतरी राहते. आकार जमत असेल तिथे पाते टेबलाजवळ, खाली ठेवून लाकडाच्या खालच्या अंगाने काप घेतो, म्हणजे वर अख्खे लाकूडच झाकण होते. पूर्ण बाजू घासायची असेल तर डावीकडचे गाईड जेवढे लाकूड निघाले तेवढे पुढे घ्यावे लागते, नाहीतर टोकाशी पट्टी आत ढासळते आणि पाते खोल शिरते. हे सगळे आमच्या हेडमिस्त्रीला त्याच्या हैदराबादच्या कामामुळे माहीत होते. ज्या कारखान्यात असा मिस्त्री नाही तिथे हे मशीन गेले असेल तर तिथे काय चालले असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

देवघराच्या कमानीसारख्या वाकड्या तुकड्याला तर सरळ गाईड चालतच नाही. त्याला पात्यांभोवती रिंग किंवा स्पिंडलवर बेअरिंग लागते, आणि लाकूड पहिल्यांदा टेकवायला टेबलावर एक खुंटी लागते. तुमच्या माहितीपत्रकावर एक माणूस दोन्ही हातांनी कमान धरून उघड्या पात्यांवर फिरवताना दाखवला आहे. तो फोटो पाहून नवीन पोरगा तसेच करेल. तो फोटो काढून टाकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पात्यांविषयीही एक सांगतो. युरोपात हाताने लाकूड देण्याच्या ब्लॉकवर ‘मॅन’ अशी खूण असते, आणि पात्यापुढच्या लिमिटरमुळे पाते १.१ मिलीमीटरपेक्षा जास्त बाहेर राहत नाही. गाठ आली किंवा लाकूड उलट्या रेषेचे निघाले तरी एका दमात मोठा चावा बसत नाही, म्हणून फटका कमी बसतो. तुम्ही दिलेल्या ब्लॉकला लिमिटर नाहीत. आमच्याकडे वाड्यांच्या लाकडात जुने खिळे निघतात, सागवानात गाठी असतात. अशा लाकडासाठी लिमिटरचा ब्लॉक ही चैन नाही.

मशीनच्या बैठकीचे थोडक्यात सांगतो. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तुमच्या मेकॅनिकने पाणसळ (समपातळी पाहायचे साधन) न लावता, पायाला बोल्ट न मारता मशीन ठेवले. मशीन हलायला लागल्यावर आम्हीच काँक्रीटचा पाया घालून ते बसवले. अर्थिंगही त्याने एकाच वायरीने जोडले होते. तीन फेजच्या मोटारीच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थ वायरी लागतात, शिवाय उन्हाळ्यात आमच्या मातीत अर्थचा खड्डा कोरडा पडतो, हे त्याला कुणी शिकवलेले दिसले नाही. यात त्या मुलाचा दोष मी धरत नाही, एकाच दिवसात त्याला अनेक गावी धाडता तर तो काय करणार?

माहितीपुस्तिका सगळी इंग्रजीत आहे आणि त्यात मुख्यतः सुट्या भागांचे नंबर आहेत. आमचे कारागीर मराठी वाचतात, काही हिंदी. नट सोडण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाही नको, कमी लांबीचा तुकडा हाताने द्यायचा नाही, ही वाक्ये त्यांना समजणाऱ्या भाषेत, मशीनच्या शेजारी टांगलेली पाहिजेत.

कायद्याचा धाक घालायला हे पत्र नाही, तरी दोन गोष्टी नोंदवतो. फिरत्या भागांवरचे उघडे बोल्ट आणि चाव्या झाकलेल्या असाव्यात, ही जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, कलम २६ मध्ये, यंत्र विकणाऱ्यावरही टाकली होती. आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे वापराची पुरेशी माहिती किंवा धोक्याची सूचना न देणे हेही उत्पादकाच्या दायित्वात येते. कुणाचा हात गेल्यावर भरपाईसाठी भांडण्याची वेळ येऊ नये, म्हणून काही घडण्याआधीच लिहितो आहे.

माझे मागणे असे आहे. मशीनला नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर, फेज उलटी झाल्यास मशीन अडवणारा रिले आणि हाताशी असणारे आणीबाणीचे बटण कंपनीने आपल्या खर्चाने बसवावे. पूर्ण गार्ड, वरचे आणि बाजूचे दाब, वाकड्या कामाची रिंग व खुंटी मशीनसोबत द्यावी. आताचा ब्लॉक बदलून लिमिटर असलेला द्यावा. वेगाचा तक्ता आणि सूचना मराठीत छापून मशीनवर लावाव्यात. आणि या मशीनवर स्वतः काम केलेला माणूस पाठवून आमच्या कारागिरांना आमच्याच लाकडावर शिकवावे, सरळ पट्टी तसेच कमानही. हे १५ दिवसांत होणार नसेल तर मशीन परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. दोन्ही झाले नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

याशिवाय एक विनंती अशी की याच मॉडेलची जी मशीन तुम्ही मराठवाड्यात दिली असतील, त्या सगळ्यांचे पट्टे कोणत्या टप्प्यावर आहेत आणि स्विच कोणते आहेत, याची चौकशी फोनवरून तरी आजच सुरू करावी. बाकी सगळ्याआधी ती व्हावी.

बिलाची प्रत, सही घेतलेल्या कागदाची प्रत, ब्लॉकवरच्या आकड्याचे आणि फुटलेल्या पट्टीचे फोटो सोबत जोडले आहेत. माणूस पाठवताना सकाळी पाठवावा, दुपारी वीज असेलच असे नाही. येताना त्याच्याजवळ टॅकोमीटर (फेरे मोजायचे यंत्र) आणि पाणसळ असावी.

कळावे,

आपला ग्राहक,
मालक, फर्निचर व चौकटींचा कारखाना,
भोकर, जि. नांदेड