मोजणारा वेगळाच हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या अंकात एका वाचकाने विचारले होते, "सिटी कौन्सिलला रेट्स (घरपट्टी) भरतोच, मग वर रीजनल कौन्सिलचे वेगळे बिल कशासाठी? ही मंडळी करतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे. न्यूझीलंडला आल्यावर पहिली काही वर्षे मलाही तो पडायचा. सिटी कौन्सिलचे काम डोळ्यांना दिसते: कचरा उचलला जातो, रस्ता दुरुस्त होतो, वाचनालय उघडे असते. रीजनल कौन्सिल म्हणजे अनेक शहरे-गावे मिळून होणाऱ्या प्रदेशाच्या नद्या, पाणी आणि हवा सांभाळणारी संस्था. तिची माणसे मात्र गमबूट घालून कुठल्या तरी ओढ्यात उभी असतात, तिकडे आपण कशाला जातोय?

मी मात्र गेले. मुलीच्या शाळेची सहल होती आणि पालक म्हणून मदतीला कोणीतरी हवे होते. तिथे पाहिलेले अजून विसरलेले नाही. ओढ्याच्या तळाचे दगड पायाने ढवळायचे, खालच्या बाजूला जाळी धरायची आणि जाळीत आलेले किडे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचे. मेफ्लाय आणि स्टोनफ्लायची पिल्ले सापडली तर पाणी चांगले, कारण ती घाण सोसत नाहीत. नुसत्या अळ्या आणि गोगलगायी निघाल्या तर ओढा आजारी आहे. प्रत्येक जातीला तिच्या नाजूकपणाप्रमाणे एक ते दहा गुण असतात आणि त्यावरून ओढ्याचा निर्देशांक काढतात. बाटलीतला नमुना फक्त त्या दिवसाचे पाणी सांगतो, किडे मागच्या कित्येक महिन्यांचे सांगतात. पाण्याचा नितळपणा मोजायला एक काळी चकती असते. पाण्याखाली ती किती अंतरावर दिसेनाशी होते, ते टेपने मोजतात. इतकी साधी गोष्ट! पण ती त्याच जागी, दर महिन्याला, ऊन असो की पाऊस, वर्षानुवर्षे केली तरच तिला अर्थ येतो.

याशिवाय भूजलाच्या बोअर, पावसाची आणि पुराच्या पातळीची यंत्रे, हिवाळ्यात लाकडाच्या शेगड्यांच्या धुराने भरलेली हवा (पीएम १० म्हणजे हवेतल्या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे), हे सगळे रीजनल कौन्सिलकडेच. उन्हाळ्यात पोहण्याच्या जागांचे नमुने घेतात. नदीच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) २६० च्या वर गेले की सावधगिरी, ५४० च्या वर गेले की पोहू नका. आकडे 'लावा' या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. पोरांना नदीवर नेण्याआधी मी ते पाहतेच.

आता मुद्द्यावर येते. २०२५ च्या अखेरीस सरकारने प्रस्ताव मांडला की रीजनल कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी त्या प्रदेशातल्या महापौरांचे मंडळ बसवावे. कारणे ऐकायला पटतात: दुहेरी कारभार, वाढता खर्च, आणि रीजनल सदस्यांची नावेसुद्धा मतदारांना ठाऊक नसणे. शेवटचे तर खरेच आहे. तरीही मला हा प्रस्ताव चुकीचा वाटतो.

आमच्या हॅमिल्टनचेच घ्या. शहराचे सांडपाणी पुकेटेच्या केंद्रात शुद्ध होऊन वायकाटो नदीत जाते. ते किती आणि कशा प्रतीचे सोडायचे, याचा परवाना रीजनल कौन्सिल देते आणि अटी पाळल्या जातात की नाही हेही तीच तपासते. याच नदीचे पाणी खाली तुआकाऊजवळ उचलून, शुद्ध करून २००२ पासून ऑकलंडला जाते. महापौर कितीही सज्जन असला तरी त्याला निवडून देणारे आम्ही हॅमिल्टनकर आहोत. केंद्र सुधारायचे तर रेट्स वाढणार आणि आम्ही त्याच्यावर रागावणार. परवाना मागणारा आणि देणारा एकाच टेबलावर बसला, तर खालच्या टोकाचा माणूस कुणाकडे जाईल? १९८९ मध्ये रीजनल कौन्सिलच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांवरून आखल्या, त्या याच विचाराने. नदी शहराची वेस ओळखत नाही.

यावर कुणी हॅवलॉक नॉर्थची आठवण देईल. ऑगस्ट २०१६ मध्ये जोरदार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेतले जंतू त्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात शिरले. सुमारे १४,००० वस्तीच्या गावात पाच हजारांहून अधिक लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. चौकशीत रीजनल आणि डिस्ट्रिक्ट (सिटी कौन्सिलसारखेच, स्थानिक) अशा दोन्ही कौन्सिलवर ठपका आला आणि त्यांच्यातल्या बिघडलेल्या संबंधांवरही बोट ठेवले गेले. म्हणजे मोजणारा वेगळा ठेवला की सगळे आपोआप नीट होते, असे मी म्हणणार नाही. पण पुढे देशाने काय केले तेही पाहावे. पिण्याच्या पाण्यावर लक्ष ठेवायला 'तौमाता आरोवाई' ही स्वतंत्र संस्था उभी केली. दोघांना एकत्र करून टाकले नाही.

ऑकलंड, नेल्सन, मार्लबरो, गिस्बोर्न इथे सिटीची आणि रीजनल अशी दोन्ही कामे एकाच कौन्सिलकडे आहेत आणि तिथे काही आकाश कोसळलेले नाही, हेही मान्य. पण तिथल्या सदस्यांना लोक दोन्ही कामांसाठी निवडून देतात. महापौरांच्या मंडळाला नदीसाठी म्हणून कुणी मत दिलेले नसेल.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. ताउपो सरोवराभोवतीच्या शेतांतून जमिनीत मुरलेला, पाण्यात शेवाळ वाढवणारा नायट्रोजन सरोवरापर्यंत पोहोचायला काही ठिकाणी कित्येक दशके लागतात. आज आत येणारे पाणी आपल्या आजोबांच्या काळात मुरलेले असू शकते. तरीही वायकाटो रीजनल कौन्सिलने शेतांना नायट्रोजनची मर्यादा घातली आणि माणसाला कमी करता येईल अशा भारातला २० टक्के कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. शेतकऱ्यांनी ते सोसले, केंद्र सरकार, डिस्ट्रिक्ट आणि रीजनल कौन्सिल यांनी मिळून पैसा घातला. त्याचे पुरते फळ त्यांतल्या अनेकांना पाहायलाही मिळणार नाही. दर तीन वर्षांनी मते मागणारा, रस्ते आणि तरणतलाव यांत बुडालेला महापौर असा निर्णय किती वेळा घेईल?

त्या वाचकांना माझी विनंती आहे. बिल जरूर तपासा, उधळपट्टी दिसली तर जाब विचारा, मीही तुमच्याबरोबर येईन. पण त्याआधी 'लावा'वर तुमच्या घराजवळच्या ओढ्याचे नाव शोधा आणि दहा वर्षांचा आलेख उघडा. तो चढत असो वा उतरत, त्यातला एकेक ठिपका कुणीतरी पाण्यात उभे राहून मिळवलेला आहे. मग आपापल्या खासदाराला या प्रस्तावाबद्दल लिहा. माझे पत्र गेल्या सोमवारी गेले.

आपली,
एक वाचक, हॅमिल्टन