लेझर वेल्डिंग : डोळ्यांना न दिसणारं

महोदय,

गेल्या रविवारच्या उद्योग पुरवणीत हातात धरायच्या लेझर वेल्डिंग मशीनवर लेख आला होता. लेख मी दोनदा वाचला, फोटो मात्र चारदा पाहिला. एक तरुण गन धरून पत्रा जोडतोय, डोळ्यांवर साधा काळा गॉगल, आणि त्याच्या मागे दोन पावलांवर दोघं जण उघड्या डोळ्यांनी वाकून बघतायत. माझी 29 वर्षं वेल्डिंगमध्ये गेली, त्यातली शेवटची दोन याच मशीनवर. म्हणून हे पत्र.

मशीन चांगलं आहे, हे आधी सांगतो. 1 मिमीचा एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पत्रा टिगने, म्हणजे विजेच्या आर्कने वितळवून जोडायच्या जुन्या पद्धतीने जोडला की उष्णतेने उठतो, मग तो ठोकून सरळ करा, निळे-काळे डाग बफिंगने काढा. लेझरची उष्णता अरुंद पट्टीत राहते आणि काम कितीतरी लवकर उरकतं. टिगवर हात बसायला मला दीड वर्ष लागलं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर म्हणजे भर घालायची तार, पाय पेडलवर, आणि तिन्हींचा मेळ. इथे वायर मशीनच पुढे सरकवतं. आमच्या हेल्परने पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत सरळ टाका घातला. कुणीही एका दिवसात वेल्डर होऊ शकतो, हे लेखातलं म्हणणं इथपर्यंत खरं आहे.

पण त्या हेल्परच्या पहिल्या जोडाचं पुढे काय झालं ते ऐका. वरून इतका देखणा की सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मी तो तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि हातोड्याने दुमडला. जोड वहीसारखा उघडला. आत दोन्ही पत्र्यांच्या कडा कटिंगहून आल्या तशाच चकचकीत, वितळलेल्याच नव्हत्या. टाका जोडाच्या रेघेपासून केसभर बाजूने गेला होता. टिगमध्ये वितळलेल्या धातूचं डबकं रुंद असतं, ते अशी चूक पोटात घेतं. लेझरचा ठिपका मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा. गन तो डावी-उजवीकडे हलवते, वायर भर घालते, तरीही फटीला फारशी माफी नाही. वायर न घालता कडेला कड लावून जोडायचं असेल तर जाडीच्या दहाव्या भागाएवढी फट चालते, असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे 1 मिमी पत्र्याला 0.1 मिमी.

आता ही फट येते कुठून? बहुतेक वेळा बेंडिंगमधून, म्हणजे पत्रा वाकवण्यातून. समजा पेटीची 100 मिमी उंचीची बाजू 90 ऐवजी 90.5 अंशांत वाकली. काटकोन तपासायचा गुण्या लावल्याशिवाय हा अर्धा अंश दिसतसुद्धा नाही. पण वरच्या टोकाला ती बाजू जवळजवळ 0.9 मिमी बाहेर गेलेली असते. टिगवाला शिव्या घालत तेवढं फिलरने बुजवतो आणि कुणाला काही कळत नाही. लेझरवाला हेल्पर तिथे गन फिरवतो, किरण फटीतून आरपार जातो.

पत्रा वाकवून सोडला की थोडा मागे येतो. एसएस हा एमएसपेक्षा, म्हणजे साध्या पोलादापेक्षा जास्त मागे येतो. त्याच जाडीचा पत्रा दुसऱ्या कॉइलमधून आला तरी फरक पडतो, रोलिंगच्या दिशेने वाकवला की आडवा, यानेही पडतो. प्रेस ब्रेक म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन; नव्या मशीनवर वाकवता वाकवताच कोन मोजून दुरुस्त करणारी सोय मिळते. ती नसेल तिथे बेंडिंगवाला पहिला पीस गुण्याला लावतो, उजेडाकडे धरून फट बघतो आणि पंच किती खाली न्यायचा ते पुन्हा ठरवतो. कटिंगवालाही यात आलाच, कारण ऑक्सिजनवर कापलेल्या कडेला ऑक्साइडचा थर राहतो, तो न घासता जोडलं की टाका बिघडतो. लेझर गन आल्यापासून आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा माणूस वेल्डर राहिलेला नाही, बेंडिंगवाला झालाय. पगारवाढ अजून त्याच्यापर्यंत पोचलेली नाही, हा भाग वेगळा.

रोबोटबद्दल लेखात बरंच होतं, त्यावर फार बोलत नाही. रोबोट टॉर्च ठरल्या जागी नेतो, जोड तिथे नसला तर नको तिथे टाका घालतो. आता सेन्सर लावून तो जोड शोधतो, माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोटला, कोबॉटला, तर हाताने धरून वाट दाखवता येते. फायदा आहेच. पण तुकडे पकडून ठेवणारा साचा, म्हणजे जिग, ढिला असेल तर सगळं सारखंच.

फोटोतल्या डोळ्यांकडे येतो. 1964 साली बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यातलं. पत्रा कापायच्या मशीनमध्ये पुढे अनेक वर्षं हाच लेझर होता. त्याच्या किरणाची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. तो डोळ्याच्या वरच्या पडद्यावरच अडतो, तिथे भाजतो आणि भाजलेलं लगेच कळतं. आजच्या फायबर लेझरची तरंगलांबी साधारण 1.07 मायक्रॉन. हा किरणही दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग त्याला आत जाऊ देतं आणि बारीक ठिपका करून थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रेटिनावर सोडतं. रेटिनाला वेदना कळत नाही.

आम्हा जुन्या लोकांचा सगळा शहाणपणा दुखण्यावर उभा आहे. आर्क लागला की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, झोप नाही. दोन दिवसांत उतरतं, पण पुन्हा काच खाली न घेता छोटा टाका (टॅक) मारायची हिंमत होत नाही. इथे तसं काही होत नाही. एखाद्या चकचकीत एसएस पत्र्यावरून परतलेला किरण डोळ्यात गेला, तर नंतर कधीतरी वाचताना अक्षर गायब झालेलं दिसतं आणि तो डाग बहुधा कायमचा.

अर्ध्या वॉटच्या वरचा लेझर सगळ्यात घातक अशा चौथ्या वर्गात मोडतो. 1500 वॉटची गन त्या रेषेच्या 3000 पट होते. चष्म्यावर कोणत्या तरंगलांबीसाठी आहे आणि ओडी, म्हणजे तो किरण किती अडवतो त्याचा आकडा, किती, हे छापलेलं असायलाच हवं. मशीन देणाऱ्याने आम्हाला दिलेल्या चष्म्यावर काहीच नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘काळा आहे ना!’ काळेपणाचा इथे काय संबंध? नेहमीची 11 नंबरची काच आर्कच्या उजेडासाठी तपासलेली असते, लेझरच्या किरणासाठी नाही. आयएसओ 11553-2 हे खास हातात धरायच्या लेझरसाठीचं मानक आहे. खरेदीच्या कागदात मालकांनी ते मागावं. मशीनभोवती आडोसा हवा आणि आडोशाचं दार उघडताच किरण बंद व्हायला हवा.

अजून एक. गन जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, टेकल्याशिवाय पेटू नये म्हणून जॉबला एक चिमटा लावायचा असतो. कंटाळा करून लोक तो टेबलाला लावून मोकळे होतात. मग टेबलावरच्या पान्याला गन टेकली तरी सर्किट पूर्ण. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, पहिले दोन महिने मीही हेच केलं.

फोटोत मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात वही-पेन दिसतंय. तो तुमचा वार्ताहर असेल, तर दुखत नसलं तरी त्याला एकदा रेटिना तपासून घ्यायला सांगा.

आपला,
एक वेल्डर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे)