लिगोसाठी कम्प्युटरची इर्जिक

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय. कापायचं तर कापा, पण लाइट बिलाचा भाग तेवढा राहू द्या, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

माझं वसमतला छोटं कम्प्युटर सेंटर आहे. टायपिंग, एमएस-सीआयटी, भरतीचे ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याच्या सीझनला पीक विमा, आणि कोपऱ्यात झेरॉक्स. आठ मशीन आहेत, त्यातली दोन बऱ्यापैकी नवी. तुमचा पेपर रोज सेंटरवर येतो आणि औंढ्याच्या लिगोची, म्हणजे आभाळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या यंत्राची, बातमी आली की पोरं मोठ्यानं वाचतात (खरा उच्चार लायगो आहे पण आमच्याकडं सगळे लिगोच म्हणतात, तर मीही तेच लिहितो). आता या बातम्यांत असतं काय, तर जमिनीला भाव किती आला, रस्ता कुठून जाणार, स्थानिकांना नोकऱ्या किती. हे प्रश्न चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, माझ्या स्वतःच्या मेहुण्याची जमीन त्या अंगाला आहे. पण ते यंत्र नेमकं काय ऐकणार आहे आणि त्यात आपल्यासारख्याला आज, आत्ता, बसल्या जागी काय करता येतं, यावर चार ओळी कधी वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं लिगो-इंडियाला २६०० कोटींची मंजुरी दिली. त्या यंत्राला चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. असलीच दोन यंत्रं अमेरिकेत आहेत, एक हॅनफर्डला, एक लिव्हिंग्स्टनला, आणि त्यांनीच १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाचीच बारीक थरथर, पकडली. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली आणि इथं त्या हातांची लांबी अणूच्या आतल्या प्रोटॉनच्याही साधारण हजाराव्या भागाएवढी हलली. आपलं यंत्र उभं राहून डेटा यायला अजून काही वर्षं आहेत. पण अमेरिकेतल्या यंत्रांचा डेटा आहे, आणि तो घरोघरच्या कम्प्युटरवर वाटून त्यात शोधायचा एक प्रकल्प २००५ पासून चालू आहे. आईन्स्टाईन अॅट होम असं त्याचं नाव. जर्मनीतल्या हॅनोव्हरची माक्स प्लांक इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ मिळून चालवतात. मी मंजुरीची बातमी वाचली त्याच आठवड्यात जोडला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या संस्थांना वसमतच्या झेरॉक्सवाल्याचा कम्प्युटर कशाला पाहिजे? मलाही तेच वाटलं होतं. कृष्णविवरं आदळतात तो आवाज (म्हणजे ती लहर) सेकंदा-दोन सेकंदात संपतो, तो जोरात असतो, तो शोधायला त्यांची मोठी मशीन पुरतात. पण दुसरा एक आवाज असतो जो संपतच नाही. न्यूट्रॉन तारा म्हणून एक प्रकार आहे, सूर्यापेक्षा जड आणि आकारानं एखाद्या शहराएवढा, तो स्वतःभोवती गरगर फिरतो, आणि त्याच्यावर अगदी बारीक जरी उंचवटा असला तरी तो सारख्या एका सुरात लहरी सोडत राहतो. सूर एकच, पण इतका बारीक की काही महिन्यांचा डेटा एकावर एक रचल्याशिवाय कळणारच नाही. रात्री शेतात झोपलेल्या माणसाला दोन शिवं पलीकडच्या विहिरीवरची मोटर ऐकू येते बघा, आधी वाऱ्यात काहीच कळत नाही, बराच वेळ कान लावून पडलं की मग ती घरघर वेगळी होते, तसं.

त्यात अजून भानगड अशी की ऐकणारा म्हणजे आपली पृथ्वी एका जागी थांबत नाही. एसटी हॉर्न वाजवत जवळ येताना आवाज वेगळा, लांब जाताना वेगळा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, त्यामुळं तो सूर दिवसभर आणि वर्षभर थोडा वरखाली होत राहतो, आणि किती होतो ते तारा आभाळात कुठल्या जागी आहे त्यावर. जागा तर माहीतच नाही! मग करायचं काय, तर आभाळाचा प्रत्येक तुकडा धरायचा, प्रत्येक सूर धरायचा, ताऱ्याचं फिरणं किती मंदावतंय तेही धरायचं, आणि इथं असता तर असा दिसला असता, हे हिशोब करून बघत जायचं. पुण्याच्या आयुका या खगोलाच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डेटातून असले सिग्नल वेगळे काढायच्या गणितावर वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणजे लिगो आपल्याकडं यायच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखात हा विषय आहे. पण गणित तयार असलं तरी हिशोब इतके होतात की कुठलंही एक मशीन कमीच पडतं.

म्हणून मी याला इर्जिक म्हणतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एखाद्याचं रान एकट्यानं होण्यासारखं नसलं की तो गावाला इर्जिक घालायचा, ज्याच्या त्याच्या बैलजोड्या यायच्या, दिवसात नांगरून व्हायचं, मजुरी कोणी घ्यायचं नाही, जेवण तेवढं. माझ्या आजोबांनी घातलेली इर्जिक मी लहानपणी बघितलेली आहे. इथं फक्त बैलजोडीच्या जागी कम्प्युटर आला आणि जेवण नाही.

चालतं कसं ते सांगतो. बॉइंक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तयार झालेलं. ते टाकायचं, प्रकल्पांच्या यादीत आईन्स्टाईन अॅट होम निवडायचं, ईमेल आणि पासवर्ड द्यायचा, झालं. डेटाचा एक तुकडा आपोआप उतरतो, तुमचा कम्प्युटर रिकामा असेल तेव्हा त्याच्यावर काम करतो, काही तासांत तुकडा संपला की निकाल परत पाठवतो आणि दुसरा घेतो. तोच तुकडा दुसऱ्या कोणाच्या तरी कम्प्युटरलाही दिलेला असतो, दोघांचं उत्तर जुळलं तरच धरतात. बोर्डाचा पेपर परीक्षकानं तपासल्यावर मॉडरेटरकडं जातो तसंच म्हणा. माझी जोडी एकदा चेक रिपब्लिकच्या कोणाशी लागलेली बघितली, तेवढं पान मी तासभर उघडंच ठेवलं होतं, येईल त्याला दाखवायला.

लाइट गेली तर? हा आमच्याकडचा खरा प्रश्न. तर ते मधून मधून काम सेव्ह करतं, लाइट आली की तिथूनच पुढं चालू. तुकडा परत द्यायला साधारण दोन आठवडे देतात, तेवढी मुदत लोडशेडिंगच्या गावालाही पुरते.

आता बिल. मी आठही मशीन लावली नाहीत, तेवढा शहाणपणा होता. दोन नवी मशीन, सकाळी ११ ते संध्याकाळी ६, तेही कोणी बसलेलं नसेल तेव्हा. मोकळं चालू असलेलं मशीन आणि पूर्ण ताकदीनं चाललेलं मशीन यात माझ्याकडं साठएक वॅटचा फरक पडला. महिन्याला दोघांचे मिळून वीस-बावीस युनिट जास्त. माझं कमर्शियल मीटर आहे म्हणून जरा चावतं, घरच्या मीटरवर कमी लागेल. महिन्याला चहाचे किती होतात हे ज्यानं त्यानं बघावं.

आणि एप्रिल-मे मध्ये बंद ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात मी हट्टानं चालू ठेवलं, आमच्याकडं बाहेर ४३, सेंटरला वर पत्रा, आणि एका मशीनचा फॅन असा ओरडायला लागला की टायपिंगच्या पोरी म्हणाल्या, सर हे उडतंय आता. उघडलं तर आत धुळीचा नुसता गोधडीसारखा थर. चूक माझीच, साफ न करता ताबडवलं. तेव्हापासून सेटिंगमध्ये सीपीयू ६० टक्क्यांवर बांधून टाकलाय. जुन्या लॅपटॉपवर तर लावूच नका, बॅटरी फुगते मग माझ्याच नावानं बोंब. मोबाइलवर चालतं, पण चार्जिंगला आणि वायफायवर असेल तेव्हाच, ते स्वतःच तसं बघतं. हॉटस्पॉटवर कम्प्युटर चालवणाऱ्यांनीही नाद करू नये, एकेक फाइल मोठी असते.

पैसे भेटत नाहीत. हे ठळक छापलंत तर बरं होईल. एका पोराचे वडील फीस भरायला आले, स्क्रीनवर आकडे पळताना बघितले आणि हळूच विचारलं, दिवसाला किती पडतात? त्यांना वाटलं मी बिटकॉइनसारखं काहीतरी करतोय. कामाचे पॉइंट जमा होतात, माझे बरेच झालेत, त्याचा वडापावसुद्धा येत नाही. उलट सांगतो, विज्ञानाच्या प्रकल्पात भरती आहे, रजिस्ट्रेशनचे पाचशे भरा, महिन्याला एवढे कमवा, असा मेसेज कोणी पाठवला तर तो शंभर टक्के चोर आहे. घरबसल्या डेटा एंट्रीच्या नावानं आमच्या तालुक्यात पोरं फसलेली आहेत, आणि त्यांचे फॉर्म भरायला तेव्हा ते माझ्याकडंच आले होते, हे अजून मनाला लागतं.

ऑफिसच्या कम्प्युटरवर विचारल्याशिवाय टाकू नका. माझ्या एका मित्रानं उत्साहात आपल्या ऑफिसातल्या तीन मशीनवर टाकलं, नाव लिहीत नाही, कुठलं ऑफिस तेही नाही. त्याला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि खुलाशात न्यूट्रॉन तारा लिहिल्यावर साहेब अजूनच तापले. साहेबांचंही चुकलं नाही. परवानगी मागितली असती तर कदाचित भेटलीही असती. शाळांचं मात्र मला वाईट वाटतं, कितीतरी शाळांत कम्प्युटर आहेत आणि ते कव्हर घालून ठेवलेत, चावी हेडसरांकडं आणि हेडसर मीटिंगला. निदान एका मशीनवर हे लावा, दुपारच्या सुट्टीत पोरांना या प्रकल्पाच्या स्क्रीनसेव्हरवर फिरणारा आभाळाचा गोल दाखवा, आज आपला तुकडा आभाळाच्या कुठल्या भागातला आहे ते दाखवा.

सापडलं काय, असं विचाराल. ज्या सुराबद्दल वर लिहिलं, तो गुरुत्वीय लहरींत अजून सापडलेला नाही, कोणालाच नाही. पण याच प्रकल्पात रेडिओ दुर्बिणींचा डेटाही तपासतात, आणि २०१० मध्ये पोर्तो रिकोच्या आरेसिबो दुर्बिणीच्या डेटातून सेकंदाला ४१ वेळा फिरणारा एक पल्सार, म्हणजे रेडिओ लहरींचे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, सापडला, तो कोणाच्या कम्प्युटरवर, तर अमेरिकेत आयोवातल्या एका नवरा-बायकोच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या. ते शास्त्रज्ञ नव्हते. त्यानंतर अजून बरेच पल्सार सापडलेत. ती आरेसिबोची दुर्बीण २०२० च्या डिसेंबरात कोसळली, पण तिनं गोळा केलेला डेटा लोक त्यानंतरही आपापल्या घरी चाळत राहिले, हे मला लई भारी वाटतं.

खगोलात रस नसेल तर दुसरे प्रकल्प आहेत. फोल्डिंग अॅट होम रोगांमागच्या प्रोटीनवर काम करतं, २००० पासून. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये इतकी माणसं तिकडं आली की सगळ्यांचे कम्प्युटर मिळून तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या सुपरकम्प्युटरच्या पुढं गेले. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं आहे. मी ते चालवलेलं नाही म्हणून जास्त बोलत नाही.

तर माझं मागणं दोन गोष्टींचं. एक, तुमच्या विज्ञानाच्या पानावर, ते पान अजून चालू असेल तर, याची माहिती एकदा नीट द्या, फोटोसकट, माझ्यासारख्यापेक्षा जाणकाराकडून लिहून घेऊन. आणि हिंगोली, परभणी, नांदेडच्या सेंटरवाल्यांना, कॉलेजच्या लॅबवाल्यांना सांगणं आहे की बॉइंकमध्ये टीम करता येते. मी एक केलीय, औंढा नावाची, मेंबर सध्या चार आणि त्यातला एक माझाच भाचा पुण्याहून. नांगर लहान असला तरी चालेल. कोणाला लावायला जमत नसेल तर रविवारी मशीन घेऊन सेंटरवर या, शटर अर्धं खाली असतं पण मी आत असतो, फक्त येताना मशीनची धूळ झाडून आणा.

आपला,
एक सेंटरवाला, वसमत