तीर्थाचा एक चमचा

प्रिय सुन्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर मुद्दामच लिहिलं नाही. "देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल" हे वाचून डोकंच सणकलं होतं. तू मायेनंच लिहिलंस, ते कळतं रे. पण आईची किडनी आता सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. मग भरवसा नक्की कशाचा ठेवू?

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे सुया टोचायला शीर धमनीला जोडलीय. रोज सकाळी त्यावर बोट ठेवून आतली थरथर लागते का, म्हणजे रक्त वाहतंय का, ते बघतो. इतकं मन लावून मी पूजेलाही कधी बसलो नव्हतो. पाणी दिवसाला ७५० मिली. चहा, आमटी त्यातच. भाज्या चिरून उकळायच्या आणि पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. आणि थट्टा बघ, त्या पोटॅशियमपायीच बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं, म्हणजे उपासाचं नेमकं सगळं बंद! अकरा वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेली माळकरी बाई, तिला मी एकादशीला पोळी-भाजी वाढतो. पहिल्यांदा वाढली तेव्हा ताटाकडे बघत बसली. म्हणाली, "एकादशी तेवढी ठेवायची होती रे त्यानं."

त्या संध्याकाळपासून मी देवघरात दिवा लावला नाही.

डायलिसिसला हातात सुया असतात, म्हणून गाथा माझ्याकडून वाचून घेते. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचं घर बसलं. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली", असं सरळ लिहून ठेवलंय त्यांनी. परवा वाचता वाचता "माझे लेखीं देव मेला" आलं आणि मी गप्प झालो. आईचे डोळे मिटलेले. म्हणाली, "थांबलास का? वाच की. तुकोबाराय काय कमी चिडायचे?"

माझी श्रद्धा परत आली वगैरे समजू नकोस. रात्री तीनला तिला धाप लागते, मागे उशा रचून बसवतो, तेव्हा मला विठोबा नाही, ॲम्ब्युलन्सचा नंबर आठवतो. पण चिडलेल्या माणसालाही त्या गाथेत जागा आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कीर्तनकार तर घाईघाईनं वैकुंठाच्या विमानापाशी पोचतात.

आषाढीला तिनं तीर्थ मागितलं. माझा राग होता तिथंच होता, पण मूर्तीवर पाणी घातलं आणि चमचाभर तिच्या तळहातावर दिलं. मग सवयीनं पाण्याच्या वहीत नोंद केली: तीर्थ, ५ मिली. तिनं वहीत डोकावलं आणि कित्येक दिवसांनी खळखळून हसली. खोकला येईपर्यंत हसली.

येऊन जा एकदा. मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडून कधीही. आणि येताना शहाळं आणू नकोस, तेही बंद आहे.

तुझा,
बाळ्या