आशाताईंनी टिक केली, पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. आशाताई घरोघरी जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात ना, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? आमच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या वेळी आम्ही 'हो' म्हणालो, ताईंनी टिक केली आणि विषय तिथेच संपला. ताईंचा यात काडीचा दोष नाही, तुटपुंज्या मानधनात त्या बिचाऱ्या कायकाय ओढणार! पण ती टिक पुढे बघतं कोण?

डिमेन्शियाचं, म्हणजे या विसरण्याच्या आजाराचं, असंय की गोळ्या आरोग्य खात्याकडे, ज्येष्ठांच्या योजना सामाजिक न्यायकडे, माणूस घरातून निघून गेला की पोलीस आणि पेन्शन ट्रेझरीत, कोणाचं कोणाला माहीत नाही आणि घरच्यांनी प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून रामायण सांगायचं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलवर काढायला बसलो तर ॲप म्हणतंय डोळ्यांची उघडझाप करा, आणि अण्णा स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघून विचारतायत, "हे पाव्हणे कुठले?" हसावं की रडावं कळेना. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड आहे, चांगलंच आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं, इथे ॲडमिट कशाला करायचं, लागतो तो दिवसभर सोबत बसणारा माणूस, त्याचे पैसे कुठल्याच योजनेत बसत नाहीत.

देशात साठीच्या पुढचे साधारण ८८ लाख लोक डिमेन्शियाचे आहेत असा २०२३ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. केरळने २०१४ मध्येच सामाजिक न्याय खातं आणि अल्झायमरवाली संस्था एकत्र आणून डे केअर काढलं, कायम राहायची सोय केली. तिकडेही सगळं आलबेल असेल असं नाही, पण निदान कोणाकडे जायचं ते तरी ठरलेलं.

आपल्याकडे नवीन महामंडळ बिलकुल नको, फक्त अध्यक्षाला गाडी मिळेल. प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलात एक माणूस नेमा, आशाताईंची ती टिक त्याच्याकडे जाऊ दे, घरी फोन त्याने करायचा, बाकीच्या खात्यांशी पत्रव्यवहारही त्यानेच. आणि तालुक्याला एक डे केअर, सकाळी दहा ते पाच. घरातल्या बाईला निदान स्वतःचं बीपी तपासून येता येईल.

– एक सूनबाई, सातारा